कुणाची डुकरं?

लाळ-खुरकूतची टोचणी असली की बाजाराच्या गावाची सकाळ लवकर उजाडते. आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या स्पीकरवरून पुकारा झालेला असतो, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरलेला असतो. गायी-म्हशी दावणीलाच राहतात, शेळ्या जरा उशिरा सुटतात. दवाखान्याचा माणूस बर्फाचा थर्मास खांद्याला अडकवून एकेक गोठा घेत निघतो आणि मागून कुणीतरी बाई हाक मारते, "ओ डॉक्टर, आमची कालवड राहिली की!" टोचणारा पशुधन पर्यवेक्षक असो की परिचर, गावाला तो डॉक्टरच.

त्याच सकाळी बाजारतळामागच्या ओढ्याला, वेड्या बाभळीच्या सावलीत, चिखलात अंग टाकून सात-आठ डुकरं पडलेली असतात. त्यांच्यापाशी थर्मास थांबत नाही. मुद्दाम थांबून विचारलंच, "ही कुणाची?" तर शेजारचा टपरीवाला मान फिरवतो. उत्तर ठरलेलं असतं. "काय की. गावात हिंडत्यात."

तिसगाव हे असंच बाजाराचं गाव. नगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, पाथर्डीकडे जुन्या कल्याण–विशाखापट्टणम महामार्गाने निघालं की पाथर्डीच्या अलीकडे लागणारं. डावीउजवीकडे गर्भगिरीचे डोंगर, पावसाची कायमची ओढ, दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला बाहेर पडणारी माणसं. डुकरांवरच्या लसींविषयी लिहायचं तर प्रयोगशाळेतून सुरुवात करता आली असती. पण लसीचं शास्त्र बरंचसं केव्हाच सुटलं आहे. न सुटलेला प्रश्न ओढ्याकाठचा आहे. ही डुकरं कुणाची?

मालक असतो, पण केव्हा?

गावात मोकाट दिसणाऱ्या डुकरांपैकी बेवारशी फार थोडी. बहुतेकांना मालक असतो आणि तो आपलं जनावर लांबून ओळखतो. कुणाच्या डुकराच्या कानाला कातर असते, कुणाच्या शेपटीला. कुठली डुकरीण कधी व्यायली, पिल्लं किती जगली, हे त्याला तोंडपाठ असतं. पण डुकरांनी भुईमूग उकरला म्हणून शेतकरी तणतणत आला, की ती कुणाचीच नसतात. नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत डुक्कर पकडण्याची मोहीम काढते, तेव्हाही कुणाचीच नसतात. व्यापाऱ्याचा पिकअप येऊन उभा राहिला, की मात्र मालक पुढे होतो. डुकराची मालकी ही अशी वेळ बघून प्रकट होणारी गोष्ट आहे.

याला लबाडी म्हणणं सोपं आहे. पण ज्यांच्या हाती परंपरेने हे जनावर आलं, त्यांचा इतिहास पाहावा. महाराष्ट्रात डुक्कर पाळलं ते मुख्यतः कैकाडी, वडार अशा जमातींनी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी कितीतरी भटक्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. हजेरी लावा, गाव सोडताना परवानगी घ्या, तारेच्या कुंपणाच्या सेटलमेंटमध्ये राहा, असा तो काळ. ३१ ऑगस्ट १९५२ ला शिक्का पुसला गेला, पण सरकारी माणूस वही घेऊन दारात आला की नाव सांगावं की नाही, हा विचार आधी मनात येतो. ती सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही.

तिसगावहून जवळच असलेल्या मढीला हे सगळं एका जागी दिसतं. मढी म्हणजे कानिफनाथांची समाधी, भटक्यांची पंढरी. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणाऱ्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा बाजार भरतो. गाढवं परराज्यांतूनसुद्धा येतात. तिथे मालक जनावराचे दात उघडून दाखवतो, चालवून दाखवतो, भावासाठी हुज्जत घालतो. 'हे गाढव माझं' म्हणताना त्याची मान ताठ असते. गाढव हीसुद्धा हिणकसच शिवी, पण गाढवाला बाजार आहे, दिवस आहे, देव आहे. डुकराला आपल्याकडे एवढी राजरोस जागा नाही. गोव्यात ते सणाच्या ताटात मानाने येतं. घाटावर त्याचा व्यवहार मागच्या दाराने होतो.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ने २०१४ मध्ये हेच पडद्यावर आणलं. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. चित्रपटातलं गाव नगर जिल्ह्यातल्या अकोळनेरच्या नावाचं. त्यातल्या जब्याला डुक्कर पकडायची लाज वाटत नाही, पकडताना कुणी पाहील याची वाटते. लसीकरणाच्या सरकारी आराखड्यात या लाजेसाठी रकाना नसतो. पण डुक्कर टोचायचं तर आधी ते भरदिवसा, चारचौघांत, मालकानेच धरावं लागतं.

एका सशात पन्नास मात्रा

डुकरांचा जुना वैरी स्वाईन फीवर. माणसाला होणाऱ्या स्वाईन फ्लूशी त्याचा काही संबंध नाही. नावं सारखी असल्याने घोळ होतो, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं. हा रोग माणसाला होत नाही. डुकराला झाला तर अंग तापतं, खाणं सुटतं, सगळी पिल्लं कुडकुडल्यासारखी एकमेकांवर ढीग करून पडतात. मागचे पाय लटपटतात, कान आणि पोट जांभळं पडतं. जोराची साथ असेल तर कळपातलं एखाददुसरंच जनावर वाचतं. औषध नाही. आधी टोचलेलं असेल तरच उपयोग.

या रोगाचं कारण शोधताना मोठमोठे चकले. अमेरिकेत १८८५ च्या सुमारास डॅनिएल सॅमन आणि थिओबाल्ड स्मिथ यांना मेलेल्या डुकरांत एक जिवाणू सापडला आणि तोच गुन्हेगार ठरला. पुढे १९०३ मध्ये द श्वाइनिट्स आणि मॅरियन डॉर्सेट यांनी दाखवलं, की खरा गुन्हेगार बारीक गाळणीतूनही पार होणारा विषाणू आहे, जिवाणू नुसता मागून आलेला. गंमत अशी की चुकीच्या आरोपीला सॅमनचं नाव कायमचं चिकटलं. बिघडलेल्या अंड्यांच्या बातम्यांत येणारा 'साल्मोनेला' त्याच घराण्यातला. कारण कळल्यावर आधी रक्तद्रव, मग लस, मग कडक नियंत्रण असं करत अमेरिका १९७८ मध्ये या रोगातून मोकळी झाली.

रोगजंतू मवाळ करून लस बनवण्याची युक्ती त्याहून जुनी. लुई पाश्चर आणि त्यांचा तरुण सहकारी लुई त्युइये यांनी १८८२-८३ मध्ये फ्रान्समधल्या बोलेन गावी डुकरांच्या एरिसिपेलास या दुसऱ्या रोगावर काम केलं. त्यांच्या ध्यानात आलं, की रोगजंतू सशांच्या अंगातून पुन्हा पुन्हा काढला की तो सशाला सरावतो आणि डुकराशी भांडायचं विसरतो. त्युइये त्याच वर्षी, १८८३ मध्ये, अलेक्झांड्रियात कॉलऱ्याचा अभ्यास करायला गेले आणि कॉलऱ्यानेच वारले. सशाची युक्ती मात्र टिकली.

ती भारतातही आली. आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरली गेलेली स्वाईन फीवरची लस सशातच तयार व्हायची. सशाला विषाणू टोचायचा, ताप चढला की त्याची प्लीहा काढायची, त्यातून लस करायची. एका सशातून निघत जेमतेम ५० मात्रा. देशाला वर्षाला सुमारे २ कोटी २० लाख मात्रा हव्यात आणि तयार होत होत्या १२ लाखांच्या आसपास. तिकडे रोगामुळे वर्षाला सव्वाचारशे कोटी रुपयांहून अधिक नुकसान होत असल्याचा अंदाज. इतके ससे आणणार कुठून आणि मारणार किती?

याचं उत्तर बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेने दिलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी भारतातल्याच विषाणूपासून, ससा न मारता, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर लस बनवली आणि २०२० मध्ये ती जाहीर झाली. सशाच्या लसीची मात्रा १५-२० रुपयांना, कोरियाहून येणारी ३० रुपयांच्या घरात, तर हिची किंमत दोन रुपयांहून कमी सांगितली गेली. जुन्या लसीचा जोर काही महिन्यांत ओसरायचा, हिचं संरक्षण दोन वर्षांपर्यंत टिकतं, असं संस्थेचं म्हणणं.

या संस्थेची पाळंमुळं आपल्या पुण्यात आहेत. ९ डिसेंबर १८८९ रोजी 'इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' या नावाने ती पुण्याच्या सायन्स कॉलेजात सुरू झाली. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख. जनावरांच्या जालीम रोगजंतूंशी भरवस्तीत खेळणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलली. पुण्यात रुजलेलं रोप बरेलीला फळलं. ते फळ परत पाथर्डीच्या ओढ्याकाठी पोचायचं आहे.

टोचायचं कसं

गाय टोचणं आणि डुक्कर टोचणं यांत जमीन-अस्मानाचा फरक. गायीला दावं असतं, वेसण असते, मालकिणीचा हात पाठीवर असतो. डुकराला यांतलं काहीच नाही. मान आणि डोकं जवळजवळ एकाच जाडीचं, त्यामुळे गळ्यात दोर टिकत नाही. धरायचं ते जाळी टाकून, कोपऱ्यात फळीने दाबून, किंवा दोरीचा फास तोंडात सरकवून वरच्या जबड्याला, सुळ्यांच्या मागे आवळून. फास बसला की डुक्कर मागे ओढतं, पुढे धावत नाही. त्याच क्षणाचा फायदा घ्यायचा. त्या वेळी ते जे ओरडतं ते वेशीपर्यंत ऐकू जातं.

सुई कानामागे, मानेच्या स्नायूत द्यायची. मागच्या मांडीत दिली तर कधीकधी गळू होतं आणि मांडी हा तर विकायचा माल. जिवंत विषाणूची लस एकदा पाण्यात कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. कुपीतली वीस-पंचवीस जनावरांची लस कालवली आणि डुकरं सापडली चार, तर उरलेली फेकावी लागते. दवाखान्याच्या माणसाला वाया गेलेल्या लसीचा हिशेब द्यावा लागतो. मग तो आधी जिथे जनावरं बांधलेली आहेत तिथे जातो. त्याची बाजूही समजून घ्यायला हवी.

पिल्लांचं आणखी वेगळं. टोचलेल्या डुकरिणीच्या चिकाच्या दुधातून पिल्लांना आयतं संरक्षण मिळतं. ते अंगात असेपर्यंत लस दिली तर आईची ताकद लसीलाच मारून टाकते. म्हणून पिल्लू साधारण दोन-तीन महिन्यांचं होईतो थांबायचं. त्याहून उशीर झाला तर मधल्या दिवसांत रोग गाठतो.

आणि संख्या. गाय वर्षाकाठी एक वासरू देते. डुकरीण तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस म्हणजे ११४ दिवसांत विते, वर्षात दोनदा विऊ शकते आणि दर खेपेला पिल्लांची रांग लागते. आज गावातलं एकूण एक डुक्कर टोचलं, तरी सहा महिन्यांनी निम्म्याहून अधिक कळप न टोचलेला असणार. गायीच्या बाबतीत एक खेप चुकली तर भरून काढता येते. डुकरांच्या बाबतीत चुकलेली खेप म्हणजे पुन्हा श्रीगणेशा.

गायवाल्याचाही प्रश्न

'डुकरं मेली तर मेली, घाण गेली' असं म्हणणारे गावात कमी नाहीत. त्यांनी लाळ-खुरकूतचा हिशेब बघावा. हा रोग खूर दुभंगलेल्या सगळ्या जनावरांना होतो आणि डुक्कर त्यात चांगलंच सापडतं. खुरांभोवती फोड येतात, चालणं बंद होतं, कधी खुराचं टोपणच निसटून पडतं. पण मुख्य गोष्ट वेगळी. आजारी डुक्कर श्वासावाटे हवेत जितका विषाणू सोडतं, त्यापुढे गाय काहीच नाही. रोगशास्त्राच्या पुस्तकांत डुकराला या विषाणूचा ध्वनिवर्धक म्हणतात.

म्हणून ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत पंतप्रधानांनी राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, तेव्हा लाळ-खुरकूतच्या यादीत गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या जोडीने डुक्करही होतं. पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटींची तरतूद होती. कागदावर डुकराला जागा मिळाली. पण जनावराची नोंद होते कानातल्या बारा आकडी बिल्ल्यावर, आणि बिल्ला मारायचा तर मालकाचं नाव आणि मोबाइल नंबर लागतो. जिथे मालकच "काय की" म्हणतो, तिथे बिल्ला कुणाच्या नावाने मारणार?

मोजणीचीही तीच गत. देशात पशुगणना १९१९ पासून होते. २०१९ च्या विसाव्या गणनेत देशभरात डुकरं भरली सुमारे ९० लाख ६० हजार, आधीच्या गणनेपेक्षा बारा टक्क्यांनी कमी. एकट्या आसामात २१ लाख. स्वाईन फीवरची सरकारी मोहीमही आधी ईशान्येकडे गेली, कारण तिथे डुक्कर दारात बांधलेलं असतं आणि मालक सांगतो, हे माझं. २५ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेल्या एकविसाव्या गणनेत फिरत्या पशुपालकांची जनावरं पहिल्यांदाच वेगळी मोजायचं ठरलं. ज्या मुलखात मढी आहे, तिथे याचं मोल वेगळं सांगायला नको.

भीती कशाची, बळी कोण

डुकराविषयी गाव बोलतं ते बहुधा भीतीने. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचा स्वाईन फ्लूने मृत्यू झाला. देशातला तो पहिला. शहराने तोंडाला रुमाल बांधले, शाळा बंद झाल्या आणि डुकरांकडे संशयाने बघितलं जाऊ लागलं. वास्तविक तोवर तो विषाणू माणसाकडून माणसाकडे पसरत होता, गल्लीतल्या डुकराचा त्यात वाटा नव्हता. इजिप्तने तर त्याच वर्षी देशातली सुमारे तीन लाख डुकरं मारून टाकली. जागतिक आरोग्य संघटना याची गरज नाही म्हणत होती. ती डुकरं होती कैरोचा कचरा गोळा करणाऱ्या झब्बालीन लोकांची. शहराचं शिळंपाकं ती डुकरं खाऊन संपवायची. डुकरं गेली आणि कैरोच्या रस्त्यांवर ओला कचरा साचला.

जपानी मेंदूज्वराची गोष्ट जरा वेगळी, कारण इथे डुकराचा वाटा खराच आहे. भातखाचरांतले क्युलेक्स डास बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांकडून विषाणू डुकराला देतात, डुकराच्या रक्तात तो झपाट्याने वाढतो आणि पुढचा डास तो माणसाला पोचवतो. डुक्कर फारसं आजारी दिसत नाही, गाभण डुकरिणीची पिल्लं तेवढी मेलेली निपजतात. मग डुकरांनाच टोचून माणूस वाचवता येईल का? हिशेब पुन्हा पिल्लांपाशीच अडतो. दर हंगामात नवी, न टोचलेली पिल्लं डासांच्या पुढ्यात येतात. म्हणून जगभर मुलांनाच लस देण्यावर भर आहे आणि आपल्याकडे रोगाचा वावर असलेल्या जिल्ह्यांत तेच केलं जातं. डुक्कर मुलांच्या अंथरुणापासून लांब ठेवणं आणि मुलांना टोचून घेणं, ही त्याची दोन सरळ उत्तरं.

रोग ओळखण्यात चूक झाली तर काय होतं, हे मलेशियाने १९९८-९९ मध्ये भोगलं. डुकरं पाळणारी माणसं मेंदूज्वराने मरत होती. जपानी मेंदूज्वर समजून धुरळणी झाली, लस टोचली गेली. मरणं थांबेनात. शेवटी चुआ काव बिंग या डॉक्टरने नवाच विषाणू वेगळा काढला. सुंगाई निपाह गावावरून तो निपाह झाला. त्या साथीत शंभराहून अधिक माणसं गेली, आणि दहा लाखांहून अधिक डुकरं मारावी लागली.

एका लसीत मात्र डुक्कर टोचून माणूस वाचतो. माणसाच्या आतड्यातल्या फीतकृमीची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, उघड्यावरची विष्ठा खाताना डुकराच्या पोटात जातात आणि त्याच्या मांसात दाण्यांसारख्या गाठी होतात. कच्चं राहिलेलं ते मांस खाल्लं की माणसाच्या आतड्यात पुन्हा कृमी. तीच अंडी घाणेरड्या हातांतून किंवा न धुतलेल्या भाजीतून माणसाच्या पोटात गेली, तर गाठी मेंदूत होतात आणि फेफरं येतं. शाकाहारी घरातलं पोरही त्यातून सुटत नाही. ऑस्ट्रेलियात मार्शल लाइटोव्हलर्स यांनी शोधलेली यावरची डुकरांची लस हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने बाजारात आणली. लसीसोबत डुकराला जंताचं औषधही द्यावं लागतं. आणि गावातला संडास वापरात लागतो, ते काम कुठल्याच कुपीत मिळत नाही.

जिथे लस नाही

या सगळ्यावर आता मोठी सावली पडली आहे ती आफ्रिकन स्वाईन फीवरची. केनियात १९२१ मध्ये माँटगोमेरी यांनी प्रथम वर्णन केलेला हा रोग २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात पोचला, २०२२ मध्ये केरळात वायनाडपर्यंत आला. लक्षणं हुबेहूब स्वाईन फीवरची. जांभळे कान तेच, ढीग करून पडणं तेच. दोहोंतला कुठला ते भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेनेच सांगायचं. व्हिएतनामने २०२३ मध्ये यावरच्या लसी देशभर वापरायला परवानगी दिली. भारतात अजून वापरात लस नाही. रोग ठरला की एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारायची आणि दहा किलोमीटरवर नजर ठेवायची, हा नियम. मारलेल्या डुकरांची भरपाई मिळते, पण मागणारा मालक असावा लागतो.

हॉटेलांतलं आणि लग्नांतलं उरलंसुरलं डुकरांना घालतात, त्यात मांसाचा तुकडा असतो आणि हा विषाणू मांसात महिनोन्‌महिने जिवंत राहतो. ते खरकटं अर्धा तास चांगलं उकळून घातलं तर धोका बराच टळतो. एक चूल, एक पातेलं आणि जळण, एवढीच ती 'लस'.

सरकारची दुसरी वाटही आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर डुकरिणी आणि दहा नरांच्या फार्मला निम्मं अनुदान, तीस लाखांपर्यंत, मिळतं. तिथे पक्का गोठा असतो, वही असते, लसीचं वेळापत्रक भिंतीवर असतं. त्या कागदांवर जनावराचं नाव 'वराह' असतं. जमीन, बँकेची पत आणि प्रकल्प अहवाल ज्याच्याकडे आहे, त्याच्यासाठी ती योजना. पिढ्यान्‌पिढ्या डुक्कर राखून ज्याने त्याच्या सवयी ओळखल्या, त्याच्याकडे सातबाराच नसतो. त्याचं ते 'डुक्कर'च राहतं.

हाळी

ओढ्याकाठी संध्याकाळी पुन्हा जावं. उन्हं उतरतात, बाजारतळावर सडक्या टोमॅटोचा आणि कोबीच्या पानांचा ढीग पडलेला असतो. कुणीतरी पत्र्याच्या डब्यावर काठी वाजवतं आणि घशातून एक लांब हाळी घालतं. बाभळीतून, गटारातून, पडक्या भिंतीमागून डुकरं धावत सुटतात. पिल्लं आईच्या पायांत अडखळत येतात. दुसऱ्याच्या डब्यावर ती येत नाहीत, आपल्याच येतात. सकाळी "काय की" म्हणणाऱ्या गावात संध्याकाळच्या त्या दोन मिनिटांत कुठलं डुक्कर कुणाचं, याला पुराव्याची गरज उरत नाही.

टोचणीची वेळ सकाळची असते, कारण दवाखाना तेव्हा उघडतो. थर्मास घेऊन माणूस संध्याकाळी डबा वाजतो तिथे आला, आदल्या दिवशी डबेवाल्याला सांगून, भोंग्यावर न पुकारता, पोलिस किंवा ग्रामपंचायतीचा माणूस सोबत न आणता आला, तर अर्धं काम हाळीनेच होईल. बिल्ल्याचं नाव-नंबर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मागता येईल. पहिल्या खेपेला फक्त फळी धरू लागायची आणि मालकाने कुठलं आधी धरायचं ते सांगितलं, की त्याचं ऐकायचं.

डब्यातलं संपतं. डुकरं पांगतात. मोठी डुकरीण पिल्लांना घेऊन बाभळीकडे वळते. तिच्या पोटाचा घेर बघून डबेवाला सांगतो ते खरं मानलं, तर पंधरा दिवसांत ती पुन्हा विणार आहे.